नोकरी सोडली की कंबरदुखी सुटेल?

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांचं वय ४४. नोकरी फोर्टमध्ये, एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात. चार वर्षांपूर्वी पाण्याची भरलेली बादली उचलताना कंबरेत चमक निघाली. आठ-दहा दिवसांत बरं वाटलं, पण दुखणं पूर्ण असं कधी गेलंच नाही. एमआरआयमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज' (कंबरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगणं) आणि 'डीजनरेटिव्ह चेंजेस' (झीज) आले. एका डॉक्टरांनी 'वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पुढेमागे ऑपरेशन लागू शकतं' असं सांगितलं. दुसऱ्यांनी 'काही विशेष नाही' म्हणून गोळ्या लिहून दिल्या. तेव्हापासून दिवसभर कंबरपट्टा, आठवड्यातून तीन-चार वेळा केमिस्टकडून आणलेली पेनकिलर आणि रात्री शेक असं चाललं आहे. मागच्या वर्षी ब्लड प्रेशरची गोळीही सुरू झाली. घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. नवरा म्हणतो, 'रिपोर्टमध्ये एवढं काही नाही, तर रोज कसं दुखतं?' दोन वर्षं त्या गणपतीला कणकवलीजवळच्या गावी गेलेल्या नाहीत.

त्या लिहितात: 'मागच्या रविवारी पाठ बरी होती म्हणून माळा आवरायला काढला. सकाळी दहाला स्टूल लावलं ते दोनला खाली उतरले. सोमवार-मंगळवार अंथरुणात गेले. लोकलचा प्रवासच माझ्या मुळावर आलाय. नोकरी सोडून घरी आराम केला तर बरं वाटेल का? कधी कधी वाटतं, असंच दुखत राहणार असेल तर जगण्यात काय राम आहे.'

ताई,

नोकरीच्या प्रश्नाकडे येतेच. त्याआधी सांगते, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते मला पटवून द्यायची गरज नाही. पत्राचा अर्धाअधिक भाग तुम्ही त्यातच घालवलात: रिपोर्टमधली वाक्यं, गोळ्यांची नावं, गेलेल्या रजा. चार वर्षं घरात आणि ऑफिसात खुलासे देत राहिल्यावर माणसाला तशी सवय लागते. रोज मरे त्याला कोण रडे. पहिल्या आठवड्यात सगळे विचारपूस करतात, चौथ्या वर्षी कुणी विचारत नाही आणि मग आपणही सांगणं सोडून देतो.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की ती दिसली तर हे सदर बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होत जाणं, चालताना पाऊल खाली लोंबू लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. कंबरदुखीबरोबर बारीक ताप, रात्री घाम, विनाकारण घटणारं वजन असेल तर तेही अंगावर काढू नका. आपल्या शहरात टीबी घरोघरी ऐकू येतो, आणि तो मणक्यालाही होतो. वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो, उशीर झाला तर मणका ढासळू शकतो. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी आधी तपासणी. आणि हे सदर वाचणाऱ्या विशी-तिशीतल्या मुलामुलींनो, सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडलेली राहत असेल, फिरल्यावर मोकळी होत असेल आणि पडून राहिल्यावर वाढत असेल, पहाटे दुखण्यानेच जाग येत असेल, आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञांना दाखवा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्यांना सूज आणणाऱ्या आजाराची सुरुवात अनेकदा अशीच होते आणि 'बसून काम करतोस म्हणून दुखतं' यात वर्षं निघून जातात.

ताई, तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. तरी दोन वर्षांत कुणी हात लावून तपासलं नसेल, तर एकदा नीट तपासून घ्या. नुसता रिपोर्ट दाखवून येऊ नका.

आता त्या रिपोर्टबद्दल. 'डिस्क बल्ज' वाचल्यापासून तुम्ही वाकणं सोडलं, पाटावर बसणं सोडलं, गावाला जाणं सोडलं. पण कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात चाळिशीच्या लोकांपैकी साधारण निम्म्यांच्या स्कॅनमध्ये बल्ज होता आणि ६८ टक्क्यांच्या गाद्यांची झीज दिसत होती. दुखत काहीच नव्हतं. म्हणजे सकाळच्या गाडीत तुमच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या, तुमच्याच वयाच्या, ठणठणीत बायकांचे एमआरआय काढले, तर निम्म्यांच्या हातात तुमच्यासारखाच कागद पडेल. गादी 'सरकते' असं आपण म्हणतो, पण ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धरून असते, चादर उचलायला वाकलं म्हणून निसटत नाही. तिचा काही भाग बाहेर येऊन नस दाबली जाते तेव्हा कळ पायात उतरते, आणि तेही बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. तुमची कळ पायात उतरत नाही, पायात अशक्तपणा नाही. नुसत्या झिजेच्या रिपोर्टवर आणि फक्त कंबरेच्या दुखण्यासाठी ऑपरेशनची घाई करण्याचं मला तरी कारण दिसत नाही. कुणी पुन्हा तसं सुचवलंच तर 'नेमकी कोणती नस दबली आहे आणि ती मोकळी झाल्यावर माझं कोणतं लक्षण जाईल?' हा प्रश्न विचारा, आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

मग दुखतं कशामुळे? तुमच्या यजमानांचा प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि दर दहापैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत बोट ठेवून दाखवता येईल असं एक बिघडलेलं ठिकाण सापडत नाही. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे टिकलं की नसा, मज्जारज्जू आणि मेंदू यांची संवेदनशीलता अनेकदा वाढलेली असते. मूळची इजा भरून आलेली असते, पण पूर्वी ज्या हालचालीची जाणीवही व्हायची नाही तिच्यावर आता कळ येते. त्यात झोप अपुरी, मुलाच्या बारावीची काळजी, 'काहीतरी तुटेल' ही भीती, आणि न वापरल्याने कमजोर पडलेले स्नायू. हे सगळं मिळून रोजचं दुखणं तयार होतं. ते मनाचे खेळ मुळीच नाहीत, शरीरातच घडतं. फक्त एमआरआयला ते दिसत नाही.

यातून एक दिलासाही निघतो. दुखलं म्हणजे दर वेळी आत नवीन काही मोडलं असं नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो माळा. स्टुलावर चार तास, मान वर, हात वर, जड डबे आणि गुंडाळलेल्या गाद्या काढायच्या, खाली द्यायच्या, पुन्हा चढवायच्या. धडधाकट बाईचीही कंबर दुसऱ्या दिवशी बोलेल. तुम्ही का केलंत, तेही कळतं. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं आणि साचलेलं सगळं त्या एका दिवसात उरकून घ्यावंसं वाटलं. तुम्ही अकाउंट्समधल्या, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: खात्यात थोडी शिल्लक दिसली की तुम्ही ती सगळी काढता, वर ओव्हरड्राफ्ट घेता आणि पुढचे दोन दिवस व्याज भरता. मग त्या दोन दिवसांत धास्ती वाढते, हालचाल आणखी कमी होते, आणि पुढच्या चांगल्या दिवसाला शिल्लक आधीपेक्षा कमी. जुनं दुखणं असलेल्या बहुतेकांचं, मग ती कंबर असो, मान असो की गुडघा, गाडं याच चक्रात अडकलेलं असतं. दुखेल तेव्हा थांबायचं आणि दुखत नसेल तेव्हा सुटायचं, हा नियम वरवर शहाणपणाचा वाटतो. तोच मोडायचा आहे.

त्याऐवजी घड्याळ वापरा. पुढचा आठवडाभर फक्त टिपून ठेवा: ओट्याशी उभं राहिल्यावर किती मिनिटांनी कळ वाढायला लागते, खुर्चीत किती, चालताना किती. समजा ओट्याशी वीस मिनिटं निघाली, तर तुमचं माप पंधरा मिनिटं. पंधरा झाली की दुखत असो वा नसो, जागा बदलायची. कणीक उभ्याने मळली तर पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटा, किंवा थोडं फिरून परत या. उभं राहताना एक पाय पाटावर ठेवायचा आणि दर काही मिनिटांनी पाय बदलायचा, याने अनेक जणींना लगेच हलकं वाटतं. चांगल्या दिवशीही पंधरा, वाईट दिवशीही पंधरा. आठवड्याने दोन मिनिटं वाढवा. सर्वांत कठीण पडेल ते चांगल्या दिवशी थांबणं. समोर पसारा दिसत असेल, सासूबाई काही म्हणणार नाहीत पण तुम्हालाच ओशाळल्यासारखं होईल. तिथेच नेट धरा. माळा चार रविवारी मिळून आवरा, दर रविवारी अर्धा तास, वर चढायला मुलगा आणि खाली लावालाव करायला तुम्ही.

वाकायचंच नाही, हा सल्ला आता सोडून द्या असं मी म्हणेन. वर्षानुवर्षं न वाकलेली कंबर वाकायला विसरते. गुडघे आणि खुबा दुमडून, वस्तू अंगाशी धरून, आधी हलकी चीज उचलायला शिका: पडलेला टॉवेल, मग भाजीची पिशवी, मग अर्धी बादली. भरलेली मोठी बादली पंधरा-वीस किलोंची होते. ती एका खेपेत नेण्यापेक्षा दोन खेपा करण्यात कमीपणा नाही.

व्यायामाबद्दल लोक मला विचारतात, 'कंबरेसाठी सगळ्यात चांगला कोणता?' कोणताही एक व्यायाम बाकीच्यांपेक्षा फार वरचढ असल्याचं दिसत नाही. नियमाने होईल तो चांगला. पाठीवर झोपून कंबर उचलणं, हातागुडघ्यांवर येऊन पाठ वरखाली करणं, हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, एवढ्यावरही सुरुवात होते. योगासनं आवडत असतील तर उत्तम, फक्त शिकवणाऱ्याला तुमचा त्रास आधी सांगा. आणि चाला. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांनी फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवत नेलं, आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत. त्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस गेले. ज्यांनी असं काही केलं नाही, त्यांना ११२. तुमचं दुखणं मुळात थांबलेलंच नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू होणार नाहीत. पण इतकं स्वस्त आणि इतकं निर्धोक औषध दुसरं मला माहीत नाही. डोंबिवलीत गर्दीच्या वेळी रस्त्यावर धड चालता येत नाही हे मान्य. तुमच्यासाठी सोयीची जागा ऑफिसजवळ आहे. डबा खाल्ल्यावर हॉर्निमन सर्कलच्या कमानींखालून एक फेरी मारा, पावसाळ्यातही जमते. सुरुवातीला सात-आठ मिनिटं पुरेत. चालल्यावर थोडं ठणकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर घाबरू नका, ते माप बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही जास्तच राहिलं तर तेवढं कमी करा. फरक पडतोय की नाही हे ठरवायला दोन-तीन महिने लागतात, दहा दिवसांत निकाल लावू नका.

आता लोकल. तुम्हाला ती मुळावर आल्यासारखी वाटते, पण तुमच्याच पत्रातले सगळ्यात वाईट दोन दिवस माळ्यानंतर आले, प्रवासानंतर नाही. आठवून पाहा, मोठी सुट्टी असते तेव्हा, दिवाळीत किंवा मे महिन्यात, कंबर खरंच थांबते का? थांबत असेल तर प्रवासाचा वाटा मोठा. थांबत नसेल तर नोकरी सोडूनही ती तुमच्याबरोबर घरी येईल.

गर्दीत रेटून उभं राहण्याचा ताण कमी आहे असं मला म्हणायचं नाही. तासभर अंग चोरून, एका पायावर भार, वर हात ताणून कडी धरलेली, आणि उतरणाऱ्यांच्या धक्क्यासाठी सगळं शरीर आवळून तयार. यात स्नायू थकतात. म्हणून डोंबिवलीहून सुटणारी गाडी धरा, स्लो असली तरी. वेळ थोडा जास्त जाईल, पण बसायला मिळेल. फलाटावर शिरणाऱ्या गाडीत उडी मारून सीट पकडणं मात्र पूर्ण बंद. संपूर्ण प्रवास बसूनही नका काढू, घाटकोपरला उठून मागच्या कुणाला जागा द्या आणि पुढे उभ्याने जा. परतीला बायकांच्या डब्यात 'कुठे उतरणार?' विचारून सीट ठरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच वेळी 'पाठीचा त्रास आहे, थोडा वेळ बसू का?' हेही विचारत जा. तुम्ही लिहिलंय की चेहऱ्यावरून आजारी दिसत नसल्यामुळे तुम्हाला लाज वाटते. रोजच्या गाडीतल्या बायका एकमेकींची डोहाळजेवणं डब्यात करतात, एवढं एक वाक्य त्या समजून घेतील. पर्स हलकी करा: डबा, पाण्याची बाटली, छत्री, भाजी असं पाच किलो एका खांद्यावर नको, दोन पट्ट्यांची सॅक घ्या.

ऑफिसात महागडी खुर्ची मागण्याआधी उठायची सवय लावा. आदर्श बैठक अशी काही नसते. ताठ बसलं तरी तासाभराने कंबर तक्रार करतेच. दर अर्ध्या तासाने उठायचं निमित्त ठेवा: पाणी, प्रिंटर, फोन उभ्याने. पाय लोंबत असतील तर खाली जुन्या फाइलींचा खोका सरकवा. आणि व्यवस्थापकांशी बोला. 'मला त्रास होतो' असं मोघम सांगितलं की सहानुभूती मिळते, पुढे काही होत नाही. त्यापेक्षा ठोस मागा: गर्दीच्या आधी पोहोचता यावं म्हणून तासभर लवकरची वेळ, आणि महिनाअखेरीचं काम सोडून आठवड्यातला एक किंवा दोन दिवस घरून. तीन महिने करून पाहू, काम मागे पडलं तर पुन्हा पूर्वीसारखं, असं म्हणा. असा प्रस्ताव सहसा लगेच धुडकावला जात नाही. ज्या वाचकांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं की डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर, योजनेच्या अटींत बसत असाल तर, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो.

आता 'घरी आराम' या कल्पनेकडे जरा थांबून पाहू या. तुमची सकाळ सहाला पाणी भरण्यापासून सुरू होते आणि साडेआठच्या गाडीपर्यंत नाश्ता, तीन डबे, सासूबाईंच्या गोळ्या, मशीन लावणं हे उरकतं, असं तुम्हीच लिहिलंय. आज तुम्ही बाहेर पडता म्हणून यातलं काही काम यजमान करतात, लादी-भांड्यांना बाई येते. नोकरी सुटल्यावर काय होईल? बाईचे पैसे वाचवावेसे वाटतील. 'तू घरीच आहेस ना' हे वाक्य कुणी मुद्दाम म्हणणार नाही, पण घरात शिरेल. आराम बाजूला राहील आणि कंबरेवरचं काम वाढेल. शिवाय पगार जाईल, मैत्रिणींचा डबा जाईल, दिवसाचा आकार जाईल. दीर्घ दुखण्यात कामापासून जितका काळ दूर राहावं तितकं परत जाणं कठीण होतं, हे अनेकांच्या बाबतीत दिसलेलं आहे. काही जणींसाठी नोकरी सोडणं खरंच योग्य असतं, विशेषतः काम अवजड असेल आणि बदल मिळतच नसेल तेव्हा. तुमच्याबाबतीत मला अजून तसं वाटत नाही. आणि असा निर्णय कंबर धरलेल्या मंगळवारी कधीच घेऊ नये.

गोळ्यांचं मात्र तातडीने पाहा. पेनकिलर केमिस्टकडून आठवड्यातून तीन-चारदा, आणि त्यात ब्लड प्रेशर. या गटातल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, प्रेशरच्या काही औषधांचा परिणाम कमी होतो, पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो. तुमची प्रेशरची गोळी आधी सुरू झाली की पेनकिलर, हे डॉक्टरांना तारखेनिशी सांगा. अनेक मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यामुळे ताप आला म्हणून वेगळी गोळी घेताना स्ट्रिपच्या मागचं वाचा. मनाने प्रेशरची गोळी बंद करू नका. रक्ततपासणीत व्हिटॅमिन डी किंवा बी-१२ कमी निघालं तर ते भरून काढा, पण सगळं खापर त्यावर फोडू नका. पाळी अनियमित किंवा अंगावरून जास्त जात असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही भेटा, कंबर तिकडूनही दुखते.

कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) या दोन्हींची शिफारस जुन्या कंबरदुखीसाठी करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मधल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. तीव्र अफूजन्य पेनकिलर नकोत, हेही त्यातच आहे. व्यायाम, दुखण्याबद्दलची नीट माहिती आणि गरज असेल तिथे मानसोपचार, यांवर त्यांचा भर आहे. पट्टा एका दिवसात फेकू नका. आधी घरात काढा, मग ऑफिसात, शेवटी गाडीत. शेकाने बरं वाटतं तर तो चालू द्या. फळीवर किंवा अगदी कडक गादीवर झोपलंच पाहिजे असंही नाही, मध्यम टणक गादीवर बऱ्याच जणांना जास्त बरं वाटतं. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांत उशी घ्या.

फिजिओथेरपिस्टकडे नुसतं मशीन लावून घ्यायला जाऊ नका, तुमच्यासाठी व्यायाम आखून द्यायला आणि दर काही आठवड्यांनी तो वाढवायला सांगा. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी केईएम, सायन, नायर ही पालिकेची रुग्णालयं आहेत. हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, १९५५ पासूनची. रांगा लागतात, एक दिवस हातचा ठेवून जावं लागतं, पण व्यायाम एकदा शिकला की तो घरीच करायचा असतो.

तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल मला मनापासून विचारायचं आहे. 'जगण्यात काय राम आहे' हे दमून म्हटलं की खरंच आयुष्य संपवावं असं मनात येतं? दुसरं असेल, तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. तितकं टोकाचं नसेल तरी झोप, भूक, कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जुनं दुखणं आणि नैराश्य सोबत येतात, एकावर उपचार केले की दुसऱ्यालाही उतार पडतो. यजमानांना ते 'मग मनाचंच होतं' असं वाटेल अशी भीती असेल, तर त्यांनाही सोबत न्या आणि डॉक्टरांकडूनच त्यांना ऐकू द्या.

घरच्यांशी बोलताना दुखण्याचं वर्णन कमी करा आणि काम नेमून द्या. 'आज फार दुखतंय' याला समोरच्याकडे उत्तर नसतं, तोही हतबल होतो आणि मग 'रिपोर्टमध्ये काही नाही' असं काहीतरी बोलून जातो. 'सकाळचं पाणी आजपासून तू भर' याला उत्तर असतं. बारावीतल्या मुलाला दहा मिनिटं बादल्या उचलल्याने अभ्यासाचं काही बिघडत नाही. सिलिंडर सरकवणं, गव्हाचा डबा उतरवणं, मशीनमधले ओले कपडे काढणं यजमानांकडे. पण सगळंच कुणी हातातून काढून घेऊ लागलं, तर तेही नको म्हणा. पोळ्या करायला आवडत असेल तर त्या तुमच्याकडे राहू द्या, पंधरा-पंधरा मिनिटांत.

आणि यंदा गणपतीला जा. 'पूर्ण बरी झाले की जाईन' असं दोन वर्षं म्हणून झालं. आठ-दहा तास गाडीत जखडून बसण्यापेक्षा रेल्वे बरी, उठून डब्यात फिरता येतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात, त्यामुळे तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. पोहोचल्यावर पहिला दिवस काम न करता काढायचा, आरतीला खुर्ची घ्यायची, मोदकांना बसायचं ते घड्याळ लावून, हे जावांना आधीच फोनवर सांगून टाका. दुखणार नाही अशी हमी मी देत नाही. थोडं दुखेल, आणि तरीही तुम्ही गावी असाल.

हे सगळं तीन महिने करून पाहा. त्यानंतर कंबर किती दुखते एवढंच बघू नका, किती चालता, कशी झोपता, गोळ्या किती लागतात, रजा किती पडल्या हेही बघा. यात काहीच हललं नाही, ऑफिसनेही वेळ बदलून दिली नाही, आणि तरी नोकरी सोडावी असंच वाटलं, तर जरूर सोडा. त्याआधी घराचा हप्ता एका पगारात भागतो का, ते मांडून पाहा. आणखी एक तपासा. तुमचा मेडिक्लेम कंपनीचा असेल तर तो नोकरीबरोबरच जातो. नव्याने वैयक्तिक पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारांसाठी, म्हणजे तुमच्या प्रेशरसाठी आणि कंबरेसाठीही, तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनामा देण्याच्या आधी एचआरला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.